यवतमाळची बातमी आणि तिची अक्षरे : मराठी वृत्तसंकेतस्थळांच्या रचनेविषयी काही विचार

बीजसंज्ञा : नवमाध्यम, वृत्तसंकेतस्थळ, देवनागरी टंक, युनिकोड, जिल्हा पत्रकारिता, यवतमाळ

प्रस्तावना

लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळ येथून 'लोकमत' हे नियतकालिक सुरू केले. पुढे जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव पुन्हा हाती घेतले आणि डिसेंबर १९७१ मध्ये नागपूर येथून त्याच नावाचे दैनिक निघू लागले. एका आडवळणाच्या जिल्हा-ठिकाणी जन्मलेल्या नावाचा हा प्रवास मराठी पत्रकारितेच्या अभ्यासकांना परिचित आहे. याच काळात जिल्ह्याची बातमी खिळ्यांच्या छपाईतून ऑफसेटकडे आणि ऑफसेटकडून संगणकाच्या पडद्याकडे गेली. पहिल्या दोन टप्प्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्या टप्प्याविषयीचे लेखन बहुधा वेग, विश्वासार्हता, अफवा आणि जाहिरातींचे उत्पन्न या चार मुद्द्यांभोवती फिरते. बातमीचे पान पडद्यावर कसे घडविले जाते, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञाचा म्हणून बाजूला ठेवला जातो.

प्रस्तुत लेखक संकेतस्थळांच्या व नवमाध्यमांतील प्रकल्पांच्या रचनेचे काम करतो. या व्यवसायात 'डिझाइन' म्हटले की ग्राहकाच्या डोळ्यांसमोर रंग, चित्रे आणि हलणाऱ्या पट्ट्या येतात. वास्तविक वृत्तसंकेतस्थळाच्या रचनेतील महत्त्वाचे निर्णय वाचकाला दिसतच नाहीत. मजकूर कोणत्या संकेतांत साठवायचा, बातमीला पत्ता कोणता द्यायचा, दिनांक कोठे लिहायचा, गावाचे नाव कसे नोंदवायचे, हे ते निर्णय होत. दहा-पंधरा वर्षांनी ती बातमी कोणाला सापडणार आणि कोणत्या भाषेत सापडणार, हे त्यांवरच ठरते. यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत या निर्णयांची किंमत विशेष मोठी पडली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

खिळ्यांची केस आणि संगणकाचा टंक

जुन्या छापखान्यात जुळाऱ्यासमोर लाकडी केस असे. तिच्या एकेका घरात एकेका अक्षराचे खिळे ठेवलेले असत. रोमन लिपीच्या मानाने देवनागरीला कितीतरी अधिक घरे लागत आणि खिळ्यांची ही संख्या कमी करण्यासाठी खुद्द लोकमान्य टिळकांनी खटपट केली होती. कसलेला जुळारी केसकडे न पाहताही नेमका खिळा उचली, कारण घरांची मांडणी त्याच्या हाताला पाठ झालेली असे. त्याच जुळाऱ्यापुढे निराळ्या मांडणीची केस ठेवली, तर तो हवे ते अक्षर सोडून भलतेच उचलणार हे उघड आहे.

१९९० च्या दशकात संगणकावरील मराठी याच तत्त्वावर उभी राहिली. तेव्हाच्या टंकात २५६ घरे असत आणि त्यांपैकी बहुतेक इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांच्या नावे ठरलेली होती. मराठी टंक तयार करणाऱ्यांनी घरांवरची नावे तशीच राहू दिली व आतले खिळे तेवढे बदलले. संगणकाच्या लेखी तो एखादे इंग्रजी अक्षर साठवीत असे. पडद्यावर व कागदावर मात्र 'क' किंवा 'म' उमटे. सगळी जोडाक्षरे एवढ्या घरांत मावणे शक्य नसल्याने अक्षरांचे तुकडे करण्यात आले. अर्धा 'ग' एका घरात, काना दुसऱ्या घरात, अशा जोडणीतून पूर्ण 'ग' बने. वेलांटी, रफार, अनुस्वार यांच्या दोन-दोन, तीन-तीन आकृत्या निरनिराळ्या घरांत बसविल्या जात. कोणता तुकडा कोठे ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरविले.

छापील पानापुरती ही युक्ती उत्तम होती. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम प्रणाली यांच्या बळावर तालुक्याच्या गावीही डीटीपी केंद्रे निघाली. लग्नपत्रिकांपासून साप्ताहिकांपर्यंत सारे तेथे होऊ लागले. शाई कागदावर उमटली की टंकाचे काम संपत असे, आणि वाचकाच्या घरी कोणता टंक आहे याची चौकशी करण्याचे कारणच नव्हते.

वेबवर मात्र सर्व्हर वाचकाकडे अक्षराची आकृती पाठवीत नाही, घराचा क्रमांक पाठवितो. त्या क्रमांकाच्या घरात नेमका कोणता खिळा आहे, हे वाचकाच्या संगणकाला ठाऊक असावे लागते. टंक नसेल तर बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा व विरामचिन्हांचा अर्थहीन ढीग दिसतो. ज्यांनी २००० च्या सुमारास सायबर कॅफेत बसून मराठी वृत्तपत्र वाचण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना हा ढीग आठवत असेल. पानाच्या डोक्यावर 'आमचा फाँट उतरवून घ्या' अशी सूचना असे आणि दर वृत्तपत्राचा फाँट वेगळा असे. पुढे 'डायनॅमिक फाँट' आले. त्यात पानाबरोबर टंकही आपोआप येई. पण एका ब्राउझरसाठी केलेली सोय दुसऱ्यात चाले ना. कित्येकांनी कंटाळून बातमीचे चित्रच पानावर डकविले.

या गोंधळावर उपाय उपलब्ध नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आधारे रचलेला होता. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी प्रत्यक्ष पडद्यावर दिसू लागली. तिच्यासाठीचा 'मंगल' हा टंक मराठी कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविला. म्हणजे शतकाच्या प्रारंभीच साधने हाताशी होती. तरीही बहुतेक मराठी दैनिकांची संकेतस्थळे युनिकोडकडे वळण्यास २००० च्या दशकाचा उत्तरार्ध, क्वचित त्याहूनही पुढचा काळ उजाडावा लागला. संपादकांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांची अडचण खरी होती. वेबवर जाणारा मजकूर छपाईसाठी जुळविलेल्या पानांतूनच उचलला जाई, आणि ती पाने जुन्या टंकांत होती. टंकलेखकांची बोटे जुन्या कळफलकाला सरावली होती. वाचकांकडचे संगणक विंडोज ९८ चे होते. त्या दिवशीचा वाचक त्या दिवशी सांभाळणे हा वृत्तपत्राचा धर्म असतो आणि तो त्यांनी पाळला. पंधरा वर्षांनंतरच्या वाचकाचा विचार करणारे त्या खोलीत कोणी नव्हते, इतकेच.

जुळाऱ्यांची ही केस आता युनिकोडमध्ये ओतून टाकावी, असे सहज सुचते. पण ते वाटते तितके सोपे नाही. जुन्या टंकात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलट आहे. शिवाय टंकलेखकांनी आपापल्या सवयीने तुकडे जोडलेले असल्यामुळे तोच शब्द दोन ओळींत दोन प्रकारे साठविलेला आढळतो. फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचे एक उपयुक्त पूरक साधन निघाले होते. ते अशा पानांचे वाचकाच्या पडद्यावरच रूपांतर करी. परंतु रूपांतर वाचणाऱ्यापुरते होते, सर्व्हरवरचा मूळ मजकूर जसाच्या तसा राहिला.

ज्या वर्षांत जिल्हा जगाला दिसला

आता ही वर्षे यवतमाळच्या दिनदर्शिकेवर ठेवून पाहू. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले; यवतमाळ त्यांपैकी एक होता. जुलै २००८ मध्ये राहुल गांधी यांनी लोकसभेत मारेगाव तालुक्यातील जळका येथील कलावती बांदूरकर यांचा उल्लेख केला आणि ते नाव देशभर गेले. याच काळात पी. साईनाथ यांचे विदर्भातील कृषिसंकटावरील वृत्तलेख 'द हिंदू'मधून येत होते. त्यांना २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या इतिहासात यवतमाळचे नाव जगाच्या कानी इतक्या वेळा पूर्वी कधी पडले नव्हते.

नेमक्या याच वर्षांत जिल्ह्यातील मराठी वार्ताहर रोज गावोगावी जाऊन लिहीत होते. कापसाचा भाव, सावकाराचे व्याज, पंचनाम्याला झालेला उशीर, मदतीला पात्र आणि अपात्र ठरलेली प्रकरणे, हे सारे तपशील त्यांच्या बातम्यांत होते. त्यांतील पुष्कळ मजकूर वेबवर गेलाही. परंतु तो ज्या अक्षरांत गेला ती अक्षरे शोधयंत्राच्या दृष्टीने मराठी नव्हतीच. 'यवतमाळ' हा शब्द शोधयंत्राला त्या पानावर दिसणे शक्य नव्हते. तेथे इंग्रजी अक्षरांची एक निरर्थक माळ होती. परिणामी २००५ ते २००८ या काळातील यवतमाळ आज आंतरजालावर शोधू जाणाऱ्या विद्यार्थ्याला प्रामुख्याने इंग्रजी मजकूर मिळतो. तो परिश्रमपूर्वक लिहिलेला असेल, अनेक ठिकाणी उत्कृष्टही आहे. पण तो बाहेरून आलेल्या माणसाने बाहेरच्या वाचकाला सांगितलेला वृत्तान्त आहे. स्थानिक वार्ताहराला जे सांगण्याची गरज भासत नाही ते त्यात असते, आणि त्याला जे सांगितल्यावाचून राहवत नाही ते त्यात नसते.

याच्याशी ताडून पाहण्यासारखे एक उदाहरण आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपविले. आंतरजाल भारतात सामान्यांसाठी खुले होण्याच्या नऊ वर्षे आधीची ही घटना. तरी तिच्याविषयीचा मराठी मजकूर आज सहज हाती लागतो. याचे कारण असे की २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला अन्नत्याग आंदोलन होते आणि त्याच्या बातम्या युनिकोडमध्ये लिहिल्या जातात. म्हणजे १९८६ ची घटना मराठीत सापडते आणि २००६ ची सापडताना दमछाक होते. स्मृतीचा हा उलटा क्रम केवळ अक्षरसंकेतनाने घडविलेला आहे. २००६ ची छापील फाइल ग्रंथालयात अर्थातच आहे. तिच्याकडे आपण शेवटी वळू.

एकाच शब्दाची तीन रूपे

युनिकोड आले म्हणजे सारे प्रश्न मिटले, असेही नाही. या जिल्ह्याच्या बातम्यांत वारंवार येणारा एक शब्द घ्या : शेतकऱ्यांच्या. यातील अर्धा 'र' हा मराठीचा खास, डोळ्याच्या पापणीसारखा वळणारा 'र' आहे. हिंदीला त्याची गरज नाही. तो युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एकात नुक्तायुक्त 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. 'शेतकऱ्यांच्या' आणि 'शेतकर्‍यांच्या' ही दोन्ही रूपे वाचकाला सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत. तिसरे रूप चुकीचे, पण सर्रास आढळणारे : 'शेतकर्यांच्या', म्हणजे 'य'वर रफार. कळफलकावर योग्य कळ सापडली नाही, किंवा मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते अदृश्य चिन्ह गळून पडले, की हे रूप तयार होते. आचार्यांचा मान आणि आचाऱ्यांचा मान यांत काय अंतर आहे, हे प्राध्यापकवर्गास सांगावयास नको.

मोठी शोधयंत्रे हे भेद आता बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. परंतु वृत्तसंकेतस्थळाची स्वतःची शोधपेटी, ग्रंथालयाची संगणकीय सूची, संशोधकाने जमविलेल्या बातम्यांची फाइल, येथे तशी हमी नसते. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांची वारंवारता मोजणारा एखादा प्रबंध यांपैकी एकाच रूपाने शोध घेईल, तर त्याची आकडेवारी सुबक दिसूनही चुकीची ठरेल. 'ॲ' या अक्षराची कथाही अशीच. ते स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. तोपर्यंत लोक 'अ'वर चंद्र बसवून किंवा 'ऍ' वापरून काम भागवीत होते. त्यामुळे 'ॲसिड', 'ॲक्ट', 'ॲग्रो' या शब्दांची जुनी व नवी रूपे शेजारी शेजारी नांदतात. संकेतस्थळ रचणाऱ्याने शोधपेटी बसविताना ही रूपे एकत्र आणणारी चार ओळींची व्यवस्था केली, तर प्रश्न मिटतो. ती बहुधा केली जात नाही, कारण काम सोपविणाऱ्याने मागितलेली नसते.

गावांची नावे, वाघिणीची नावे

छापील जिल्हा पानावर 'कळंब' एवढे म्हटले की पुरे होते. पान यवतमाळचे आहे, तेव्हा कळंब कोणते हे वाचक जाणतो. वेबवर ती बातमी पानापासून सुटी होते आणि धाराशिव जिल्ह्यातील कळंबच्या बातमीशेजारी जाऊन बसते. केळापूर आणि पांढरकवडा यांचे उलटे आहे : तालुका एक, नावे दोन. इंग्रजीत तर खुद्द जिल्ह्याच्या नावाची दोन लेखने जुन्या व नव्या कागदपत्रांत आढळतात. सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात एवढी गुंतागुंत असेल, तर प्रत्येक बातमीबरोबर गाव, तालुका व जिल्हा यांची स्वतंत्र नोंद ठेवणे हा रचनेचा पहिला नियम असावयास हवा. बहुतेक संकेतस्थळे 'विदर्भ' किंवा 'नागपूर' या एका मोठ्या पेटीत हे सगळे टाकतात. दारव्ह्याची बातमी नागपूरच्या पेटीत पाहून दारव्हेकरांना काय वाटत असेल ते असो.

नावाने बातमीची बाजूच कशी ठरते, याचे उदाहरण २०१८ मध्ये मिळाले. राळेगाव-पांढरकवडा परिसरातील तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचा संबंध जोडला गेला, ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारण्यात आली. वनविभागाच्या कागदोपत्री ती 'टी-१' होती. शहरांतील वन्यजीवप्रेमींनी व राष्ट्रीय माध्यमांनी तिला 'अवनी' म्हटले. ज्या गावांतील माणसे शेतात जायला घाबरत होती, त्यांच्यासाठी ती नुसती 'वाघीण' होती. वेबवर बातम्यांचे गठ्ठे विषयखुणांनी बांधले जातात. 'अवनी' या खुणेखाली जो गठ्ठा तयार झाला, त्यात संताप, निषेध आणि वाघिणीच्या दोन बछड्यांची काळजी होती. गुराख्यांचे, एकट्या शेतावर जाणाऱ्या बायांचे आणि रिकाम्या पडलेल्या शिवारांचे वृत्त त्या खुणेखाली फारसे आले नाही; ते गावांच्या नावांखाली विखुरलेले राहिले. कोणाचे म्हणणे बरोबर, हा येथे प्रश्न नाही. तीनही नावे एका बातमीला जोडणे ही अगदी सोपी गोष्ट होती. ती केली असती तर एका नावाने शोधणाऱ्याला उरलेल्या दोन नावांचे जगही दिसले असते.

दिनांक आणि पत्ता

वृत्तपत्रातील बातमीवर 'यवतमाळ, दि. ५ (वार्ताहर)' एवढेच असते. महिना व वर्ष पानाच्या डोक्यावर असतात. ही शतकाहून जुनी सवय वेबवर घातक ठरते, कारण तेथे पानाला डोकेच नसते. त्यात 'दोन तासांपूर्वी' अशी चालती वेळ दाखविण्याची फॅशन आली. छापून घेतलेल्या किंवा कोणी पाठविलेल्या पानावर 'दोन तासांपूर्वी' वाचून कशाचा बोध व्हावा? मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील 'शकुंतला' ही या दिनांकहीनतेची बळी आहे. 'आजही ब्रिटिश कंपनीच्या मालकीची असलेली भारतीय रेल्वे' असा मजकूर वर्षानुवर्षे एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जात राहतो. गाडी धावायची थांबली तरी हे लेख तिला वर्तमानकाळात धावती ठेवतात. मूळ लेख कोणत्या वर्षीचा हे कळण्याची सोयच नसल्याने प्रत्येक नवा लेखक त्याला आजचा समजतो.

याहून गंभीर प्रसंग २०१७ चा. त्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयांत भरती व्हावे लागले. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील खाटांवरून ही बातमी प्रथम जिल्हा पानांत आली. राज्याचे व देशाचे लक्ष तिकडे जाण्यास सप्टेंबरअखेर उजाडली. अशा प्रसंगी आकडे रोज बदलतात. पुष्कळ संकेतस्थळांची रीत अशी की, त्याच पत्त्यावरचा मजकूर बदलायचा आणि 'अद्ययावत' अशी नवी वेळ टाकायची. वाचकाला ताजा आकडा मिळतो, हे खरे. पण कोणत्या दिवशी किती मृत्यू ठाऊक होते आणि प्रशासनाला केव्हा जाग आली, हे नंतर त्या पानावरून कळत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या पीडित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेन्टा कंपनीविरुद्ध दाद मागण्यात आली. कंपनीने आरोप अमान्य केले. अशा वादात 'केव्हा कळले' हा प्रश्न मध्यवर्ती असतो. तेव्हा तीन वर्षांपूर्वीच्या बातमीचा खरा दिनांक ही शोभेची बाब राहत नाही. छापील पत्राने चूक केली तर दुसऱ्या दिवशी 'खुलासा' छापावा लागे, आणि चूक व खुलासा दोन्ही फाइलमध्ये राहत. वेबवर दुरुस्ती मुक्याने होते. प्रसिद्धीचा दिनांक न बदलता खाली दुरुस्त्यांची यादी देणे, एवढे केले तरी पुरे.

पत्त्याविषयी थोडक्यात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते की चांगला पत्ता कधी बदलत नसतो. आपल्याकडे संकेतस्थळाचे 'नूतनीकरण' झाले की जुने सारे दुवे तुटतात, आणि त्याबद्दल कोणी खेद मानीत नाही. इंटरनेट आर्काइव्हने १९९६ पासून जगभरची पाने साठविली आहेत. तेथे जुनी मराठी पाने कधीकधी मिळतात. मात्र पान मिळाले तरी त्याचा टंक मिळेलच असे नाही, आणि मग समोर येतो तो पुन्हा तोच इंग्रजी अक्षरांचा ढीग.

टिकाऊपणा गृहीत धरून केलेले प्रकल्प

या पार्श्वभूमीवर साईनाथ यांनी २० डिसेंबर २०१४ रोजी सुरू केलेला 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी', हा प्रकल्प रचनेच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नावातच संग्रह हा शब्द आहे. वृत्तान्त, छायाचित्र, ध्वनिचित्रफीत यांबरोबर लेखक व स्थळ यांची नोंद ठेवायची आणि मजकूर अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, अक्षररूपातच द्यायचा, असा त्याचा शिरस्ता आहे. यवतमाळच्या फवारणीविषयीचे तेथील वृत्तान्त घटनेनंतर कित्येक वर्षांनीही दिनांकासह वाचता येतात. अर्थात पारीचे काम सावकाशीचे आहे. रोज चाळीस बातम्या देणाऱ्या जिल्हा दैनिकाला तो वेग परवडणार नाही. पण नोंदीची शिस्त वेगावर अवलंबून नसते. २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेल्या बीबीसी मराठीला जुन्या टंकांचे ओझेच नव्हते, हाही एक फायदा लक्षात घ्यावा.

संकेतन एकदा रुळले की काय घडू शकते, हे जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळातच दिसले. ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यांचे न झालेले भाषण मराठी अनुवादासह आंतरजालावर आले आणि मंडपात मावली नसती एवढ्या माणसांनी ते वाचले. उद्घाटन शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्यांचे मनोगतही दूरवर पोचले. अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी त्या वादावर मांडलेली भूमिकाही आज तपासता येते. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली याच गावी झालेल्या संमेलनाचा वृत्तान्त हवा असेल, तर ग्रंथालयातील बांधीव फाइल उघडावी लागते. ती उघडता येते, हेही काही कमी नाही.

महाविद्यालयांच्या हाती असलेले

जिल्ह्यातील जुन्या महाविद्यालयांच्या व सार्वजनिक वाचनालयांच्या कोठारांत स्थानिक साप्ताहिके व दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या पडून असतात. त्यांचे संपूर्ण संगणकीकरण खर्चिक आहे आणि तेथे प्रताधिकाराचाही प्रश्न येतो. सूची करण्याला मात्र दोन्ही अडचणी आड येत नाहीत. दिनांक, वृत्तपत्राचे नाव, पृष्ठ, गाव, तालुका आणि बातमीचा विषय एका ओळीत, अशी नोंद पदवीचा विद्यार्थी युनिकोडमध्ये सहज करू शकतो. २००५ ते २००८ या चार वर्षांपासून प्रारंभ केला, तर वर दाखविलेली उणीव नेमकी तेथेच भरून निघेल. भाषा, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, जनसंवाद यांपैकी कोणत्याही विभागाला हा प्रकल्प चालेल. दरवर्षी शीतपेयांच्या लोकप्रियतेवर प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा तो निश्चितच बरा.

दुसरी गोष्ट आपल्या संशोधन पत्रिकांविषयी. कित्येक महाविद्यालयीन पत्रिकांतील मराठी लेख आजही जुन्या टंकांत जुळविले जातात व पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवले जातात. डोळ्यांना ते मराठी दिसतात. शोधयंत्राला दिसत नाहीत. वाङ्मयचौर्याविषयीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २०१८ मध्ये आले. त्यानुसार होणाऱ्या तपासणीत अशा लेखांतून उचललेला मजकूर प्रणालीला ओळखताच येत नाही, आणि मूळ लेखकाचे श्रेय कोणालाही न कळता नाहीसे होते. उलट बाजूने पाहता, ज्या लेखाचा शोध लागत नाही त्याचा संदर्भ कोणी देणार नाही, मग तो कितीही व्यासंगाने लिहिलेला असो.

हे तपासण्याची एक साधी रीत आहे. पीडीएफमधील एक ओळ उचलून साध्या नोटपॅडमध्ये डकवावी. तेथे मराठीच उमटली तर ठीक. वेलांट्या इकडेतिकडे सरकलेल्या दिसल्या तर टंक युनिकोड असूनही पीडीएफ करताना गडबड झाली आहे. मूळ वर्ड फाइलही सोबत ठेवावी. इंग्रजी अक्षरे आली तर लेख पुन्हा जुळवून घ्यावा लागेल. या चाचणीला अर्धे मिनिट लागते. लेख मुद्रितशोधनासाठी परत येतो तेव्हाच ती करून घ्यावी. अंक प्रसिद्ध झाल्यावर ही दुरुस्ती संपादकांच्या हातीही राहत नाही.